फीत पुसली, गोष्टी उरल्या

'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेचे नव्वदहून अधिक भाग आज कुणालाही पाहता येत नाहीत. चोरीला गेले नाहीत, आगीत जळाले नाहीत. ज्यांनी बनवले त्या बीबीसीनेच ते निकालात काढले. पण त्या भागांच्या चित्रीकरणाच्या दिवशी कोण वाक्य विसरलं, कोणता दरवाजा लागता लागत नव्हता, कुणाला रजा हवी होती म्हणून कथेत कुणाला बेशुद्ध पाडलं, हे मात्र या मालिकेच्या चाहत्यांना तोंडपाठ असतं. नाटक गेलं आणि विंगेतल्या गप्पा तेवढ्या राहिल्या.

खरं सांगायचं तर मला या मालिकेची गोडी लागली ती या गप्पांमुळेच. काही काळ मी मराठी दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले आहेत. उद्याच्या शूटचे सीन आज रात्री पाठवायचे, सकाळी सेटवरून फोन यायचा की अमुक ताई आज येत नाहीयेत, त्यांना सीनमधून काढा; मग ताईंना 'मावशीकडे' पाठवायचं आणि त्यांची वाक्यं सासूच्या तोंडी घालायची. असं काम केलेल्या माणसाला परग्रहावरच्या राक्षसाचं फारसं काही वाटत नाही. राक्षसाच्या आत घामाघूम होऊन बसलेल्या नटाचं वाटतं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी एवढंच: 'डॉक्टर' नावाचा एक प्रवासी आहे, त्याच्याकडे काळात आणि अवकाशात कुठेही जाणारं यान आहे, आणि ते यान बाहेरून लंडनच्या रस्त्यावरच्या निळ्या पोलीस-खोक्यासारखं दिसतं. आत शिरलं की प्रशस्त. मालिका १९६३ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये बंद पडली, २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली.

सुरुवातीची मंडळी बघण्यासारखी आहेत. नाट्यविभागाचा प्रमुख सिडनी न्यूमन हा कॅनडाचा, बीबीसीच्या इस्त्री केलेल्या वातावरणात मोठ्या आवाजात बोलणारा. त्याने निर्माती म्हणून आणली व्हेरिटी लॅम्बर्टला. मालिका सुरू झाली तेव्हा ती सत्तावीस वर्षांची होती आणि त्या विभागात दुसरी स्त्री निर्माती नव्हती. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, वय चोवीस, जन्म लखनौचा. आई लेखिका अतिया हुसेन. १९४६ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं, मुलगा केंब्रिजला शिकला आणि बीबीसीत लागला. थोडक्यात, एक परदेशी साहेब, एक तरुण बाई आणि एक हिंदुस्थानी पोरगा. जुन्या खोडांनी या तिघांकडे कसं पाहिलं असेल ते सांगायला नकोच. हुसेन आणि लॅम्बर्ट दोघांनीही पुढे मुलाखतींमधून ते आडपडदा न ठेवता सांगितलं आहे.

त्यांच्या वाट्याला स्टुडिओ आला लाइम ग्रोव्हचा 'डी'. जुन्या सिनेमा-कंपनीची ही इमारत. जागा अरुंद, कॅमेरे अवजड, आणि दिव्यांची उष्णता इतकी की छतावरचे आग विझवणारे फवारे आपोआप सुरू होण्याची धास्ती. एका भागाचं अंदाजपत्रक सुमारे २,३०० पौंड. त्यात अश्मयुगातली गुहाही करायची आणि कालयानही.

पहिला भाग २७ सप्टेंबर १९६३ ला रेकॉर्ड झाला. यानाचे दरवाजे संवाद चालू असताना आपल्या मर्जीने आपटत राहिले, ते बंद होईनात. डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल इतके खडूस वाटत होते की पोरांनी टीव्ही बंद केला असता. न्यूमनने लॅम्बर्ट आणि हुसेनला चिनी हॉटेलात जेवायला नेलं आणि सांगितलं की, खरं तर तुम्हा दोघांना मी काढून टाकायला हवं. पण तसं करत नाही, जा आणि पुन्हा करा. १८ ऑक्टोबरला तोच भाग पुन्हा उभा केला. वरिष्ठाने जादा खर्च सोसून पुन्हा करायला सांगणं हे मी तरी माझ्या धंद्यात पाहिलेलं नाही. आमच्याकडे 'चालवून घ्या, उद्या एडिटला बघू' हा मंत्र.

भाग दाखवला गेला शनिवारी, २३ नोव्हेंबरला. आदल्या दिवशी डॅलसमध्ये केनेडींची हत्या झालेली. त्या संध्याकाळी शाळेतली शिक्षक मंडळी एका विचित्र मुलीचा पाठलाग करत भंगारच्या आवारात कशी पोचली याकडे किती जणांचं लक्ष असणार? शिवाय काही भागांत वीज गेली होती. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवावा लागला.

या पुन्हा दाखवण्याचं अप्रूप समजून घ्यायला हवं. त्या काळात टीव्हीवरचा कार्यक्रम एकदा दाखवायचा आणि विसरायचा, अशीच सगळ्यांची समजूत. नटसंघटनेशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. दोन इंच रुंदीची चित्रफीत महाग होती. पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम घेणं हा काटकसरीचा शहाणपणा होता. परदेशात विकण्यासाठी टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर प्रती काढत. रंगीत टीव्ही आल्यावर त्या कृष्णधवल प्रतींना गिऱ्हाईक राहिलं नाही, मग सत्तरच्या दशकात त्याही नष्ट केल्या. पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग बनले होते. त्यांतले नव्वदहून जास्त असे गेले. जे वाचले त्यांतले कित्येक परदेशांतून परत आले. एक अख्खी कथा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हाँगकाँगहून, तर नऊ भाग नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्रातून. त्या नऊ भागांची बातमी जाहीर झाली २०१३ मध्ये.

जाता जाता एक. फ्रेड हॉईल हे नाव मराठी वाचकाला जयंत नारळीकरांचे गुरू म्हणून माहीत असतं. केंब्रिजमध्ये नारळीकर त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते त्याच काळात, १९६१ मध्ये, हॉईलने सहलेखक म्हणून बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका लिहिली होती. तिचेही बहुतेक भाग असेच पुसले गेले. नारळीकरांनी पुढे मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, त्या छापील होत्या म्हणून आज आपल्या कपाटात आहेत. कागद या बाबतीत फितीपेक्षा नशीबवान.

बीबीसीनेही कागद मात्र जपले! कुठल्या दिवशी तालीम, कुणी कुणाला कोणता खरमरीत मेमो पाठवला, सेटवर खर्च किती, कोणत्या नटाने उशीर केला, ही सगळी फायलींमधली नोंद संस्थेच्या अभिलेखागारात आहे. म्हणजे भाग नाही, पण भागाचं व्हाउचर आहे. सरकारी स्वभाव सगळीकडे सारखाच.

आवाज वाचवला तो पोरांनी. त्या वेळी घरोघर रीळवाले टेपरेकॉर्डर आले होते. काही शाळकरी मुलं टीव्हीसमोर माइक धरून बसत, कुणाला शिंकू देत नसत, आणि भाग टेप करत. त्या पोरांच्या कृपेने हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शाबूत आहे. आणि चित्रं वाचवली जॉन क्युरा नावाच्या गृहस्थांनी. त्यांचा धंदाच असा की घरी टीव्हीसमोर कॅमेरा लावायचा, चालू कार्यक्रमाचे फोटो काढायचे आणि ते त्या कार्यक्रमाच्या नट-दिग्दर्शकांना विकायचे. नटाला आपलं काम दाखवायला दुसरं काही साधन नव्हतं, त्यामुळे गिऱ्हाईकं भरपूर. एका भागाचे साधारण साठ-सत्तर फोटो. क्युरांना काही इतिहास जपायचा नव्हता, घर चालवायचं होतं.

तर हे भाग बनत कसे? सोमवार ते गुरुवार तालमी, शुक्रवारी रेकॉर्डिंग. फीत कापून जोडणं खर्चाचं आणि कटकटीचं, त्यामुळे पंचवीस मिनिटं जवळपास नाटकासारखी सलग घेत. चूक झाली तर पुढे चला. हार्टनेलची तब्येत आणि स्मरणशक्ती दोन्ही ढासळत होती, आणि त्यांच्या वाट्याला वाक्यं सगळ्यांत अवघड, शास्त्रीय शब्दांनी भरलेली. १९६५ च्या एका भागात 'अवकाशात जळक्या निखाऱ्यांसारखे फिरत राहाल' अशा अर्थाचं वाक्य होतं. म्हातारबुवा 'स्पेस'च्या जागी 'स्पेन' म्हणाले, लगेच सावरून 'स्पेस' म्हणाले, आणि पुढे गेले. ते तसंच प्रक्षेपित झालं. चाहते या चुकांची यादी ठेवतात आणि हसतात. मला त्यातलं सावरणं जास्त आवडतं. न थांबता, डोळ्यांत अपराधीपणा न आणता. जणू काही त्या विसराळू म्हाताऱ्या पात्राचाच तो स्वभाव. आणि हळूहळू तो झालाही.

वर्षाला चाळीसहून जास्त भाग करायचे म्हटल्यावर नटांना रजा तरी कधी द्यायची? म्हणून त्यांची पात्रं बेशुद्ध पडत, कैदेत जात, कधी नुसतीच गायब होत. सगळ्यांत भारी प्रसंग १९६८ चा. डॉक्टरच्या स्कॉटिश साथीदाराचं, जेमीचं काम करणाऱ्या फ्रेझर हाइन्सला ऐन रेकॉर्डिंगच्या आठवड्यात कांजिण्या आल्या. कथा चालली होती कल्पनेच्या प्रदेशात, जिथे काहीही घडू शकतं. लेखकाने काय करावं? जेमीचा चेहरा पुसला जातो, डॉक्टरला तो चित्राच्या तुकड्यांतून पुन्हा जुळवायचा असतो, आणि डॉक्टर चुकीचा चेहरा जुळवतो. झालं, हॅमिश विल्सन नावाचा दुसरा नट त्या कपड्यांत उभा! हाइन्स बरा होऊन आल्यावर डॉक्टरला दुसरी संधी मिळते आणि या वेळी तो बरोबर जुळवतो. आमच्या ताई मावशीकडे जायच्या त्या आठवून मला लाज वाटली नाही, पण हेवा नक्की वाटला.

त्याच कथेचा पहिला भाग ऐनवेळी वाढवावा लागला होता, आणि त्यासाठी ना पैसे होते ना सेट. पटकथा संपादक डेरिक शेरविनने यान एका रिकाम्या, पांढऱ्याशुभ्र पोकळीत उतरवलं. पांढरा पडदा, यान, तीन नट, आणि दुसऱ्या कार्यक्रमातून उचललेले यंत्रमानवांचे जुने पोशाख. तो भाग वाचलेल्यांपैकी आहे. आजही अंगावर येतो.

पण 'अडचणीतून कल्पना सुचते' एवढं म्हणून मोकळं व्हायला माझं मन तयार नाही. कारण कल्पना सुचलेल्या माणसाचं काय झालं, हा पुढचा प्रश्न उरतोच.

मालिकेच्या शीर्षकसंगीताचंच घ्या. सुरावट लिहिली रॉन ग्रेनर यांनी. कागदावर ती एक पानभर असेल नसेल. ती घडवली बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे खास ध्वनी तयार करणाऱ्या विभागात, डेलिया डर्बीशायरने, मदतीला डिक मिल्स. सिंथेसायझर तेव्हा मिळत नव्हता. एका ताणलेल्या तारेचा टंकार टेप करायचा, त्याचा वेग कमीजास्त करून हवे ते स्वर काढायचे, ऑसिलेटर या विजेवर स्वर काढणाऱ्या यंत्रावरून शीळ घ्यायची, मग प्रत्येक स्वराचा टेपचा तुकडा मोजून कापायचा आणि ब्लेड-चिकटपट्टीने जोडायचा. असे वेगवेगळे पदर वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच क्षणी सुरू करून एकत्र करायचे. एकदा कुठेतरी ठेका चुकत होता. चूक सापडेना, तेव्हा टेपची रिळं वर्कशॉपच्या लांबलचक व्हरांड्यात शेजारी शेजारी उलगडून ठेवली आणि कोणता जोड पुढेमागे झालाय ते चालत चालत शोधलं. ग्रेनरने ऐकल्यावर विचारलं, हे मी लिहिलंय? डेलिया म्हणाली, बरंचसं. ग्रेनर सज्जन माणूस, तिचं नाव सहसंगीतकार म्हणून लावायला तयार होता. संस्थेने मानलं नाही. वर्कशॉपचे कर्मचारी पगारी, त्यांची नावं द्यायची नाहीत असा नियम. डेलिया २००१ मध्ये गेली. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ मध्ये, पन्नाशीच्या विशेष भागात.

तिच्याच वर्कशॉपमधल्या ब्रायन हॉजसनने यानाच्या उड्डाणाचा आवाज केला तो जुन्या मोडीत काढलेल्या पियानोच्या जाड तारांवर आईच्या घराची किल्ली घासून. जगातल्या काही कोटी लोकांना ओळखीचा असलेला हा आवाज म्हणजे मूळची एक दाराची किल्ली. काही आवाज उलटे लावायचे, काही लांबवायचे. पगार महिन्याचा महिन्याला.

आणि रेमंड क्युसिक. डॅलेक नावाचे ते घुमटाच्या डोक्याचे, हाताच्या जागी मोरी साफ करायचा रबरी पंप लावलेले दुष्ट प्राणी लिहिले टेरी नेशनने. लिहिले म्हणजे थोडक्या ओळींत वर्णन केलं. ते काम मुळात रिडले स्कॉट नावाच्या तरुण डिझायनरकडे जायचं होतं, पण त्याच्या तारखा जुळल्या नाहीत आणि ते क्युसिककडे आलं. परग्रहावरचा प्राणी म्हणजे आत माणूस आहे हे कळता कामा नये, म्हणून पायच दिसू द्यायचे नाहीत हा विचार त्याचा. आतला नट बसल्या बसल्या पायाने ढकलत पुढे जायचा. जेवताना त्याने टेबलावरची मिरपुडीची डबी सरकवून ते चालणार कसे हे कारागिराला दाखवलं. तेवढ्यावरून पुढे जगभर पसरलं की डॅलेकचा आकारच डबीवरून सुचला. क्युसिक शेवटपर्यंत हे खोडत राहिले. डिसेंबर १९६३ मध्ये डॅलेक आले आणि मालिका तरली. ज्या न्यूमनने 'बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत' असं बजावलं होतं तो आधी भडकला, मग आकडे पाहून गप्प बसला. खेळणी, बिल्ले, चॉकलेटं, सगळ्यांवर डॅलेक. लेखकाला हक्काचा वाटा मिळाला, तो श्रीमंत झाला. क्युसिक पगारी; त्यांना नंतर किरकोळ बक्षिसी मिळाली.

यात खलनायक शोधत बसलं तर हाती काही लागत नाही. सगळं नियमाने झालं. ज्याच्या हातात कंत्राट होतं त्याला पैसे, ज्याच्या हातात ब्लेड होतं त्याला पगार. आपल्याकडे वेगळं असतं असं म्हणायला मी धजावत नाही.

१९६६ मध्ये हार्टनेलना जमेनासंच झालं. निरोपाच्या कथेतल्या तिसऱ्या भागाला तर ते आजारपणामुळे आलेच नाहीत, त्यांची वाक्यं इतरांना वाटली. मुख्य नट जातोय म्हणजे मालिका संपली, असं कुठेही झालं असतं. इथे ठरलं की डॉक्टर माणूस नाहीच, तर त्याचं शरीर बदलू द्या. हार्टनेल जमिनीवर पडतात, चेहरा उजळत जातो, आणि त्या जागी पॅट्रिक ट्रॉटन. चित्रमिश्रण करणाऱ्या शर्ली कॉवर्ड यांचं यंत्र त्या दिवशी बिघडायच्या बेतात होतं, प्रतिमा फुटून पांढरी पडत होती. त्यांनी दुरुस्तीला माणूस बोलावण्याआधी तोच बिघाड वापरून घेतला. आज मालिका जिवंत आहे ती या एका युक्तीवर. तो भाग, अर्थातच, हरवलेल्यांत आहे. चेहरा बदलण्याचे ते काही सेकंद उरले, कारण ते 'ब्लू पीटर' या मुलांच्या कार्यक्रमात वापरले गेले होते.

पुढे डॉक्टर झालेल्या टॉम बेकरच्या काळातले किस्से चाहत्यांना माहीत असतात, म्हणून भराभर. निवड झाली तेव्हा तो बांधकामावर मजुरी करत होता. त्याचा तो लांबच लांब मफलर असा झाला की पोशाखकार जेम्स अॅचसनने विणणाऱ्या बाईंना भरपूर लोकर दिली, किती वापरायची ते सांगितलं नाही, आणि बाईंनी सगळी संपवली. अॅचसनने नंतर तीन ऑस्कर मिळवले. मफलर मात्र त्या बाईंच्या इमानदारीचा. १९७५ च्या एका कथेतली भयानक अळी म्हणजे हिरवा रंग दिलेलं फुग्याफुग्यांचं पॅकिंगचं प्लास्टिक. तेव्हा ते घरोघर पोचलेलं नव्हतं म्हणून खपलं. आणि रात्री दहाच्या ठोक्याला स्टुडिओचे दिवे बंद. राक्षस मरायचा राहिला असला तरी बंद.

एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९८९ मध्ये डॉक्टरच्या साथीदाराचं काम करणारी सोफी अल्ड्रेड पाण्याने भरत जाणाऱ्या काचेच्या टाकीत अडकली आहे असं दृश्य होतं. काचेला तडा जाताना डॉक्टर झालेल्या सिल्व्हेस्टर मॅकॉयने पाहिला आणि तो ओरडला, तिला बाहेर काढा. वरून खेचून काढतात तोच टाकी फुटली. पाणी जमिनीवर, जमिनीवर विजेच्या तारा. नशीबच. त्याच वर्षी मालिका गुंडाळली गेली. शेवटच्या भागासाठी निरोपाची चार वाक्यं घाईने लिहून मॅकॉयच्या आवाजात रेकॉर्ड केली. तो दिवस होता २३ नोव्हेंबर, मालिकेचा सव्विसावा वाढदिवस.

२००५ नंतरची मालिका कार्डिफमध्ये बनते, पैसे बरे असतात, भाग पुसले जात नाहीत. किस्सेही त्यामुळे जरा गुळगुळीत. एक अपवाद माझ्यापुरता. २०१८ मध्ये विनय पटेल यांनी फाळणीवर एक भाग लिहिला, त्यातला १९४७ चा पंजाब उभा केला तो स्पेनमध्ये. हार्टनेल तेव्हा चुकून 'स्पेन' म्हणाले ते पुढचंच बोलले होते म्हणायचं.

अजून कुणी पाहिली नसेल आणि कुठून सुरुवात करू असं विचारलं, तर लोक नव्या मालिकेकडे बोट दाखवतात. मी 'मार्को पोलो' सांगतो. १९६४ ची सात भागांची कथा, कुबलाई खानाच्या दरबारापर्यंतचा प्रवास, त्यांतले सहा भाग वारिस हुसेन यांनी केलेले. सातही भाग नाहीत. पोरांनी टेप केलेला आवाज आहे. आणि कित्येक वर्षांनी क्युरांचे फोटो सापडले ते हुसेन यांच्याच संग्रहात, स्वतःच्या कामाची आठवण म्हणून तेव्हा पैसे देऊन घेतलेले. आवाजावर ते फोटो लावून चाहत्यांनी कथा पुन्हा जोडली आहे. फक्त चौथ्या भागापाशी फोटोंचा खंड पडतो. तो भाग दुसऱ्या दिग्दर्शकाने केला होता, आणि त्याचे फोटो हुसेन कशाला विकत घेतील?